जुन्या गोळीचा भरवसा, नव्या गोळीची भीती

प्रश्न : माझे वय ६३ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. कराडजवळच्या गावी आम्ही दोघेच राहतो. ११ वर्षांपासून मला मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेते. रक्तदाबाचीही गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९ आणि ईजीएफआर (मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता) ५६ आला, लघवीत थोडे अल्ब्युमिन हे प्रथिनही सापडले. डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम ही नवी गोळी वाढवली. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, असे औषधांच्या दुकानात कळले. आधीच मूत्रपिंडाला त्रास, त्यात हे ओझे कशाला, म्हणून मी ती आपणहून बंद केली. शेजारच्या वहिनींना तिच्यामुळे खाजही सुटली होती. जुन्या गोळीचा मला कधीच त्रास नाही. फक्त एकादशीला किंवा जेवायला उशीर झाला तर हात थरथरतात, घाम येतो. तो अशक्तपणा असावा. मेटफॉर्मिननेही किडनी जाते, असे मुलगा म्हणतो. वहिनी एक झाडपाल्याची पूड घेतात, तिला काहीच दुष्परिणाम नाहीत म्हणे. कोणत्या औषधाने शरीरात नेमके काय होते, हे एकदा समजावून सांगाल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

ताई, तुमच्या पत्रातील दोन गोष्टींची मला काळजी वाटली, आणि त्या दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत. जिचा कधीच त्रास नाही असे तुम्ही म्हणता, त्याच गोळीचा त्रास तुम्हाला होत असावा असे वर्णनावरून दिसते. आणि मूत्रपिंडावर ओझे पडेल म्हणून जी गोळी तुम्ही बंद केली, ती तुमच्या मूत्रपिंडासाठीच दिलेली असण्याची शक्यता मोठी आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि तुमच्या डॉक्टरांनी पाहिलेले सर्व कागद माझ्यासमोर नाहीत, तरी तुम्ही दिलेले आकडे पुरेसे बोलके आहेत.

मधुमेहाच्या बहुतेक औषधांचे दुष्परिणाम त्यांच्या कामातूनच उद्भवतात. औषध शरीरात कोठे आणि कसे काम करते हे कळले, की त्याचा कोणता त्रास संभवतो, तो केव्हा संभवतो आणि कोणता त्रास त्याच्या माथी उगाच मारला जातो, हे बरेचसे आपले आपल्याला उमगते. म्हणून आधी साखरेचा हिशेब थोडक्यात पाहू. रक्तातील ग्लुकोज दोन ठिकाणांहून येते : खाल्लेल्या अन्नातून, आणि रात्री किंवा उपाशीपोटी यकृतातून. इन्सुलिन हे ग्लुकोज स्नायूंत आणि चरबीत शिरू देते व यकृताला आवर घालते. टाइप २ मधुमेहात स्नायू आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशी होतात, यकृत गरज नसताना ग्लुकोज सोडत राहते आणि ही तूट भरून काढता काढता स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी वर्षागणिक थकत जातात. जेवढी ही ठिकाणे, जवळजवळ तेवढे औषधांचे वर्ग.

तुमच्या जोडगोळीतील ग्लिमेपिराइड हे सल्फोनिलयुरिया वर्गातील आहे. ग्लिक्लाझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड ही त्याचीच भावंडे. बीटा पेशींच्या आवरणावर पोटॅशियमच्या सूक्ष्म मार्गिका असतात. रक्तातील ग्लुकोज वाढले की त्या मिटतात, पेशीत कॅल्शियम शिरते आणि साठवलेले इन्सुलिन बाहेर पडते. ग्लुकोज उतरले की मार्गिका पुन्हा उघडतात आणि इन्सुलिनही थांबते. सल्फोनिलयुरिया या मार्गिका स्वतःच मिटवते. ग्लुकोज वाढले आहे की नाही, तुम्ही जेवला आहात की एकादशी धरली आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. त्यामुळे ती साखर चांगली उतरवते, स्वस्त आहे आणि अनेक दशके वापरात आहे. पण याच कारणाने ती साखर गरजेपेक्षा खालीही नेऊ शकते. वजन एक-दोन किलो वाढणे हाही त्याच जादा इन्सुलिनचा परिणाम असतो.

ही औषधे सापडली तीच मुळी अशा त्रासातून. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जांबाँ हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा गटातील एक नवे औषध देत होते. त्यातील काही रुग्णांना झटके आले, काही बेशुद्ध झाले, काही दगावले. त्यांची रक्तशर्करा घसरल्याचे लक्षात आल्यावर ओग्युस्त लुबातिएर या शास्त्रज्ञांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की हे द्रव्य स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. जो दुष्परिणाम होता तोच पुढे मधुमेहाच्या रुग्णांसाठी उपचार ठरला. ८० वर्षांनंतरही ती दोन टोके एकमेकांपासून वेगळी झालेली नाहीत.

म्हणून हात थरथरणे, दरदरून घाम येणे, छातीत धडधडणे, एकदम भूक लागणे, चिडचिड होणे, डोळ्यांसमोर धूसर दिसणे याला, विशेषतः जेवण लांबल्यावर, अशक्तपणा म्हणू नका. त्या क्षणी बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ती रक्तशर्करा घसरल्याची खूण आहे. मीटर हाताशी नसेल तर वाट न पाहता उपाय करा : १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर तेवढेच परत घ्या आणि नंतर पोळी किंवा भात असे काहीतरी खा. पेढा, चॉकलेट, लाडू यांतील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून पहिला उपाय म्हणून ते नकोत. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. हे तुमच्या यजमानांनाही सांगून ठेवा, कारण तुम्ही दोघेच घरी असता. या वर्गातील औषधाने साखर घसरली तर ती एकदा वर आल्यावरही काही तासांनी पुन्हा घसरू शकते. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर औषध शरीरात अधिक वेळ रेंगाळते आणि हा धोका वाढतो. साठीनंतर ग्लिबेनक्लामाइड शक्यतो टाळतात, त्याचे कारण हेच. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीत बीटा-ब्लॉकर असेल, म्हणजे अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल यांसारखे औषध, तर धडधड आणि थरथर ही लक्षणे दबून जातात. घाम तेवढा येतो.

एकादशीचे दोन प्रकार आपल्याकडे दिसतात आणि दोन्ही या गोळीशी जुळत नाहीत. साबुदाण्याची खिचडी, रताळे आणि बटाट्याचा कीस असा फराळ केला तर साखर झपाट्याने चढते. निर्जळी किंवा फक्त चहावर दिवस काढला तर ग्लिमेपिराइडचे काम चालूच राहते आणि साखर तळाला जाते. उपास सोडा, असे मी म्हणणार नाही. मात्र त्या दिवशी गोळी कोणती, किती आणि केव्हा घ्यायची हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या, आणि फराळात भगर किंवा राजगिरा थोडा व त्याच्या जोडीला शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी असे ठेवा. ग्लिमेपिराइड नेहमीच जेवणाच्या वेळी घ्यायचे असते. गोळी आधी आणि जेवण सवडीने, ही सवय अनेक घरांत आहे आणि ती खरोखर धोक्याची आहे.

आता मेटफॉर्मिन. तुमच्या मुलाने ऐकले आहे ते पुष्कळांनी ऐकले आहे, आणि ते उलटे आहे. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही. मूत्रपिंड फार बिघडले तर मेटफॉर्मिन शरीराबाहेर पडत नाही आणि साचते. ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर म्हणूनच त्याची मात्रा कमी करतात आणि ३० च्या खाली ते बंद करतात. डॉक्टरांनी शेजारच्या आजोबांचे मेटफॉर्मिन मूत्रपिंडाच्या आजारात थांबवले, एवढेच लोकांना दिसते, आणि कारण-परिणाम उलटे लावले जातात. तुमचा ईजीएफआर ५६ आहे. दिवसाला १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन या आकड्याला सामान्यतः चालते.

ते काम करते प्रामुख्याने यकृतावर : उपाशीपोटी यकृत जे अतिरिक्त ग्लुकोज सोडते त्याला लगाम घालते आणि शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता थोडी वाढवते. स्वादुपिंडाला ते इन्सुलिन सोडायला लावत नाही, म्हणून एकटे घेतल्यास त्याने साखर सहसा धोकादायक घसरत नाही आणि वजनही वाढत नाही. त्रास होतो तो पोटाला. मळमळ, पातळ शौच, तोंडाला धातूसारखी चव, भूक मंदावणे हे पहिल्या काही आठवड्यांत होते आणि बहुतेकांचे नंतर थांबते. जेवणासोबत घेतल्याने, कमी मात्रेपासून सुरुवात केल्याने किंवा सावकाश विरघळणाऱ्या गोळीने ते बरेच टळते. अशा गोळीचे रिकामे कवच कधी शौचातून बाहेर पडते. औषध अंगी लागले नाही असे समजून घाबरू नये. दुसरा परिणाम हळूहळू होतो आणि म्हणून नजरेतून सुटतो. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतल्यास आतड्यातून बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषले जाते. शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते. पायांना मुंग्या, तळव्यांची बधिरता, थकवा हे सारे मधुमेहाच्या नावावर खपून जाते आणि बी-१२ तपासायचे राहते. तुम्ही ११ वर्षे हे औषध घेत असाल तर ही तपासणी मागून घ्या.

लॅक्टिक ॲसिडोसिस नावाचा, रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर पण फार क्वचित आढळणारा धोका मेटफॉर्मिनशी जोडला जातो. फेनफॉर्मिन हे त्याचे जुने भावंड याच कारणाने १९७० च्या दशकात अनेक देशांतून मागे घेतले गेले आणि त्या काळची भीती मेटफॉर्मिनलाही चिकटून राहिली. मूत्रपिंडे निकामी असणे, तीव्र जंतुसंसर्ग, प्रचंड जुलाब-उलट्या किंवा अति मद्यपान अशा स्थितीत तो संभवतो. सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य देणार असतील तर आपण मेटफॉर्मिन घेतो हे आधी सांगावे.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्याबरोबर सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोजही गाळले जाते. पुढे सूक्ष्म नलिकांत ते जवळजवळ सगळे परत शोषले जाते. यातील ९० टक्क्यांच्या आसपास काम एसजीएलटी-२ नावाचे प्रथिन करते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच शोषण्याची क्षमता अपुरी पडून ती लघवीत उतरते. धरणाचे पाणी ठरावीक पातळी ओलांडल्यावर सांडव्यावरून वाहू लागते, तसेच हे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही औषधे त्या प्रथिनाला अडवतात, म्हणजे सांडव्याची पातळी खाली आणतात. मूत्रपिंडे चांगली असतील तर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम ग्लुकोज असे निघून जाते. इन्सुलिनशी याचा संबंध नसल्याने हे औषध एकटे असताना साखर सहसा फार घसरत नाही, आणि थोडे वजन व थोडा रक्तदाबही उतरतो. हे द्रव्यही काही आकाशातून पडलेले नाही. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन वेगळे केले गेले, त्याने लघवीत साखर उतरते हे पुढे दिसले, आणि आजची औषधे त्याच धाग्याने घडवली गेली.

मग मूत्रपिंडावर ओझे पडत नाही का? मधुमेहात नेमके उलटे घडत असते. परत शोषणाचे काम वाढलेले असते, ग्लुकोजबरोबर मीठही अधिक शोषले जाते, आणि त्यामुळे मूत्रपिंडातील गाळण्यांत रक्ताचा दाब चढलेला राहतो. हा चढलेला दाब गाळण्यांना वर्षानुवर्षे इजा करतो आणि त्यांतून अल्ब्युमिन गळू लागते. तुमच्या लघवीत सापडले ते हेच असावे. एसजीएलटी-२ अडवले की मीठ पुढे जाते, मूत्रपिंडाला त्याची जाणीव होते, आत येणारी रक्तवाहिनी किंचित आकुंचन पावते आणि गाळण्यांवरचा दाब उतरतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मूत्रपिंडाचा जुना आजार आणि लघवीत अल्ब्युमिन असलेल्या ४००० हून अधिक रुग्णांना डॅपाग्लिफ्लोझिन किंवा औषधविरहित गोळी दिली गेली. त्यांत मधुमेह नसलेलेही होते. औषध घेणाऱ्यांत मूत्रपिंड मोठ्या प्रमाणात ढासळणे, निकामी होणे किंवा त्यामुळे अथवा हृदयविकाराने मृत्यू ओढवणे हे सर्व मिळून ३९ टक्क्यांनी कमी आढळले. हृदय दुबळे झालेल्या रुग्णांनाही या वर्गाचा स्पष्ट लाभ दिसला आहे. तुमच्या डॉक्टरांनी अल्ब्युमिन पाहून ही गोळी निवडली असेल, तर मला ती निवड समजण्यासारखी वाटते.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात, नाहीतर पुढच्या तपासणीत पुन्हा धास्ती बसेल. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात ते टाकाऊ द्रव्य, थोडे वाढते आणि ईजीएफआर थोडा घटतो. तो गाळण्यांवरचा दाब उतरल्याचाच परिणाम असतो आणि नंतर घसरण बहुधा मंदावते. घट मोठी असेल तर अर्थातच डॉक्टर कारण शोधतील. दुसरे, ही गोळी चालू असताना लघवीच्या तपासणीत साखर भरपूर दिसणारच. ती वाईट खूण नव्हे.

आता तिचे त्रास, जे खरे आहेत आणि लपवण्याचे कारण नाही. लघवीत साखर आली की जननेंद्रियाच्या जागी बुरशी वाढायला अनुकूल होते. शंभर स्त्रियांमागे साधारण पाच ते दहा जणींना खाज, लाली किंवा पांढरा स्राव होतो, म्हणून तुमच्या वहिनींची तक्रार अगदी खरी असणार. पण ती बहुतेक वेळा बुरशीविरोधी मलमाने काही दिवसांत बरी होते आणि गोळी चालू ठेवता येते. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन ती जागा कोरडी करणे, सुती कपडे वापरणे आणि संकोच न करता डॉक्टरांना सांगणे एवढ्याने पुष्कळ भागते. संकोचापायी गोळी गुपचूप बंद करणाऱ्या स्त्रिया मी खूप पाहिल्या आहेत, आणि तपासताना आम्हीच हा विषय आधी काढायला हवा असे मला वाटते. त्या भागात तीव्र वेदना, सूज आणि ताप असे एकत्र आले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. असा गंभीर संसर्ग फार विरळा असतो, पण तो झपाट्याने पसरतो.

साखरेबरोबर पाणी आणि मीठही बाहेर पडते. उठल्यावर चक्कर, घशाला कोरड, रक्तदाब उतरणे हे त्यातून संभवते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर. तुमच्या गोळीत ते आहे का, हे विचारा. आणखी एक धोका कमी वेळा उद्भवतो, पण तो ओळखणे अवघड असल्याने जरा थांबून सांगते. जेवण जवळजवळ बंद झाले, इन्सुलिन फार कमी पडले किंवा शरीर आजारी पडले, तर चरबी जाळून रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात. एरवी अशा वेळी साखर खूप चढलेली असते. हे औषध घेणाऱ्यांत ती जवळपास ठीक दिसू शकते आणि मीटर पाहून घरचे निर्धास्त राहतात. सतत उलट्या, पोटात दुखणे, धाप, विलक्षण थकवा असे झाले तर साखर कितीही असो, रुग्णालयात जाऊन ही गोळी घेत असल्याचे सांगा. उलट्या-जुलाब, ताप, अन्न न जाणे अशा दिवसांत हे औषध आणि मेटफॉर्मिन दोन्ही तात्पुरती थांबवायची असतात व डॉक्टरांना फोन करायचा असतो. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या आधी डॅपाग्लिफ्लोझिन निदान तीन दिवस बंद ठेवतात. निर्जळी उपास या गोळीवर करू नये.

उरलेल्या वर्गांपैकी व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही आतड्यात पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर लांबवतात. पहिल्या घासाबरोबर घेतली नाहीत तर उपयोग नाही, आणि न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात आंबत असल्याने पोट फुगते व गॅसेस होतात. कधी तुम्हाला ही दिली गेली तर एक गोष्ट विसरू नका : साखर घसरल्यावर घरातली साखर तेव्हा लवकर काम करत नाही, कारण तिचे विघटनच या औषधाने अडवलेले असते. ग्लुकोज पावडरच हवी.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या ग्लिप्टिन वर्गातील गोळ्या जेवणानंतर आतड्यातून सुटणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाला लवकर नष्ट होऊ देत नाहीत. ते संप्रेरक साखर चढलेली असतानाच इन्सुलिन वाढवते, म्हणून या गोळ्या वयस्कर माणसांना सोसतात. साखर मध्यम प्रमाणात उतरते, वजन जैसे थे राहते. क्वचित स्वादुपिंडाला सूज, सांधेदुखी किंवा अंगावर पाण्याचे फोड येतात. सॅक्साग्लिप्टिन हृदय दुबळे असणाऱ्यांना टाळतात. आपल्याकडे व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट २०१९ मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये संपल्यावर किमती बऱ्याच उतरल्या, त्यामुळे या गोळ्या आता गावोगावी लिहून दिल्या जातात. पायोग्लिटाझोन चरबीच्या पेशींवर काम करून इन्सुलिनला दाद वाढवते. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. ते शरीरात पाणी धरून ठेवते, म्हणून पायांवर सूज, वजनवाढ, आणि हृदय दुबळे असेल तर धाप. स्त्रियांत हाड मोडण्याचा धोकाही थोडा वाढतो. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून २०१३ मध्ये भारतात त्यावर बंदी आली आणि काही आठवड्यांतच इशाऱ्यांसह ती उठवली गेली.

सध्या सर्वत्र चर्चा आहे ती सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइड या औषधांची. तिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले. ती जीएलपी-१ सारखे काम करतात, तिर्झेपाटाइड त्याबरोबर आणखी एका आतड्याच्या संप्रेरकासारखेही. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते, साखर आणि वजन दोन्ही चांगले उतरते. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे त्रास जठर मंदावल्याचेच. म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात, आणि भूल देण्याआधी हे औषध घेतो असे सांगावे लागते. पित्ताशयात खडे आणि क्वचित स्वादुपिंडदाह होतो. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला असेल तर ही औषधे देत नाहीत. साखर एकदम उतरल्याने दृष्टिपटलाचा जुना विकार काही काळ बळावू शकतो, म्हणून आधी डोळे तपासून घेतात. केवळ बारीक होण्यासाठी डॉक्टरांशिवाय ती मिळवणारे लोक वाढत आहेत, याचे मला वाईट वाटते.

इन्सुलिनबद्दल तुम्ही विचारले नाही, पण गोळ्या वाढल्या की मनात तेच असते. १९२१ साली टोरांटोत वेगळे केले गेलेले हे औषध शरीरात असलेल्याच द्रव्याची भर घालते. त्याने साखर घसरू शकते, वजन वाढते, आणि एकाच जागी टोचत राहिल्यास कातडीखाली गाठी होऊन मात्रा नीट लागू पडत नाही. त्याची सवय लागत नाही. काही जणांना ते आयुष्यभर लागते, कारण त्यांच्या बीटा पेशी संपलेल्या असतात.

आता वहिनींची पूड. जे द्रव्य खरोखर साखर उतरवते, ते शरीरात कोठेतरी काम करतेच, आणि काम करणाऱ्या द्रव्याला दुष्परिणाम नाहीत ही हमी कोणी देऊ नये. मेटफॉर्मिनचा उगमही गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्यापर्यंत जातो, आणि ती वनस्पती जनावरांना विषारी ठरते. वनौषधी म्हणून विकलेल्या काही पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी औषधे मिसळलेली आढळली आहेत. अशा पुडीवर तुम्ही ग्लिमेपिराइड घेतले तर काय होईल, हे वर लिहिलेच आहे. काही झाडपाल्याच्या औषधांनी आणि धातूंच्या भस्मांनी मूत्रपिंडाला इजा होते, हा धोका तुम्हाला इतरांहून जास्त आहे. पूड घेऊ नका.

डॉक्टरांकडे पुढच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात जा. डॅपाग्लिफ्लोझिन आपण बंद केले हे स्पष्ट सांगा, अन्यथा पुढचा अहवाल ते चुकीचा वाचतील. थरथर होते त्या वेळचे मीटरवरचे आकडे, तारीख आणि शेवटचे जेवण कधी झाले हे एका कागदावर लिहून न्या. नवी गोळी पुन्हा सुरू करायची झाल्यास ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करता येईल का, हा प्रश्न नक्की विचारा, कारण दोन्ही मिळून साखर अधिक घसरू शकते. तुमच्या बाबतीत ही जोडगोळी सुटी करून मेटफॉर्मिन वेगळे आणि ग्लिमेपिराइड वेगळे लिहून घेणे सोयीचे ठरेल. एकत्र गोळीत एक कमी करायचे म्हटले तरी दुसरे आपोआप कमी होते. साठीनंतर आणि साखर घसरण्याचा त्रास असताना एचबीए१सी किती असावे, तुमच्यासाठी ७ की थोडे वर, हेही त्यांच्याकडून ठरवून घ्या. तोपर्यंत नवी गोळी आपणहून पुन्हा सुरू करू नका, जुनी आपणहून बंद करू नका, आणि हात पुन्हा थरथरले किंवा साखर ७० च्या खाली दिसली तर ग्लुकोज घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.